पहिल्या नंबरचं केंद्र

टाळ्या थांबल्या तरी एक माणूस वाजवतच राहिला. बाकीच्यांनी रीतीप्रमाणे तीन-चारदा हातावर हात आपटले आणि ते चहाच्या टेबलाकडे वळले. शेवटच्या रांगेतला हा मात्र मान जराशी तिरकी करून, डोळे अर्धवट मिटून, सावकाश वाजवत होता. तिनं व्यासपीठावरून पाहिलं आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मागच्या पडद्यावर बारा मधुमेह केंद्रांचे बारा उभे पट्टे होते. ज्याच्या रुग्णांच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कमी, त्याचा पट्टा बुटका, आणि इथं बुटका तोच चांगला. सगळ्यात बुटका तिच्या केंद्राचा होता. सगळ्यात उंच, पार कडेला उभा असलेला, झोप्याच्या केंद्राचा. टाळ्या वाजवणारा हा झोप्याच होता. कॉलेजात शेवटच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपायचा म्हणून झोप्या. आता केस पिकले, स्वतःचं केंद्र झालं, पण वर्गातल्या कुणाला अजून त्याचं खरं नाव चटकन आठवत नाही. शेवटून पहिल्या आलेल्या माणसानं पहिल्या आलेल्या बाईचं इतकं मनापासून कौतुक करावं? हरलेला माणूस टाळ्या वाजवतो, नाही असं नाही, पण तो इतरांबरोबर थांबतो. याच्या त्या लांबलेल्या चार टाळ्यांत काहीतरी होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं ते फक्त याला ठाऊक होतं, असं तिला वाटलं. चहाचा कप हातात घेऊन ती त्याच्यापर्यंत पोचेतो तो निघून गेला होता. त्याच्या खुर्चीवर सभेचे कागद तसेच पडले होते, न उघडलेले.

संशय घेणं हा तिच्या धंद्याचाच भाग होता आणि त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती. तीस वर्षं समोर बसलेली माणसं तिला सांगत आली होती की आम्ही गोड म्हणून तोंडात घालत नाही, रोज तासभर चालतो, गोळी एकदाही चुकवत नाही. चेहरे साळसूद, हात मांडीवर जुळवलेले. ती ऐकून घ्यायची आणि रिपोर्टकडे हात करायची. तीन महिन्यांच्या साखरेचा तो एक आकडा तिला फार आवडायचा. त्याला गोड बोलता येत नाही, त्याच्यासमोर रडता येत नाही, आदल्या दोन दिवसांत उपाशी राहून त्याला फसवता येत नाही. माणूस खोटं बोलतो, रक्त बोलत नाही. हे वाक्य ती शिकाऊ डॉक्टरांना दरवर्षी ऐकवायची आणि ते दरवर्षी लिहून घ्यायचे. म्हणूनच तिनं आपल्या केंद्रात नियम केला होता: रिपोर्ट काढून आणला असेल तरच तपासणी. नसेल तर नवी तारीख घ्यायची आणि घरी जायचं. नुसत्या गप्पा ऐकण्यात कुणाचा वेळ घालवायचा नाही. पहिल्या वर्षी आरडाओरड झाली, मग लोक सुधारले. गर्दी आटोक्यात आली. बाहेरच्या हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या आणि तिला वाटायचं, शिस्त म्हणजे हेच, की कुणाला ताटकळावं लागत नाही.

या नियमाची गोष्ट सांगताना ती एक उदाहरण हमखास द्यायची, या सभेतही दिलं होतं. तिचा सख्खा मोठा भाऊ एकदा रिपोर्ट न काढताच आला. सगळ्यांसमोर तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं. नियम म्हणजे नियम, घरच्यांनासुद्धा. सभेत लोक हसले, कुणीतरी वा म्हणालं. दादाही त्या दिवशी हसला होता. "बरं बाई, येतो परत," असं म्हणून वळला होता, आणि जाताना खुर्च्यांवर बसलेल्यांना म्हणाला होता, "माझं हे, तर तुमचं काय होणार बघा." त्यावर सगळा हॉल खो खो हसला होता. नंतर त्यानं फोनवर सांगितलं, तुझ्याकडे यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, मी आपला घराजवळच्या डॉक्टरकडे जातो. तिला ते पटलं होतं. उलट बरं वाटलं होतं, सख्ख्या माणसाला तपासू नये असं म्हणतातच. दर रविवारी फोन व्हायचा. साखर कशी आहे? मस्त. पाय? पाय काय, शरीराच्या खालीच आहेत. तो असाच बोलायचा, आधीपासून. ती डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा तो चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता, तिचं शरीररचनेचं जाडं पुस्तक एका हातात धरून तिचं पाठांतर घ्यायचा. हाडांची नावं अशी काही वाचायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, हा मंत्र म्हणतोय. चुकीचं वाचायचा, पण तिचं चुकलं की नेमकं ओळखायचा. ते त्याला कसं कळायचं, हे तिला कधीच कळलं नाही. "तू चुकतेस तेव्हा फार जोरात बोलतेस," असं तो म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यात आधी स्वतःच्याच आकड्यांवर संशय घेतला. झोप्याला काही माहीत असेल तर ते या आकड्यांतच असणार. तिच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरला तिनं समोर बसवलं आणि एकेक रिपोर्ट प्रयोगशाळेशी ताडून बघायला लावला. तो बिचारा दुपारपर्यंत मान खाली घालून ताडत बसला आणि शेवटी जरा फुरंगटूनच म्हणाला, "मॅडम, सगळं बरोबर आहे. एकही आकडा इकडचा तिकडे नाही." तिचं समाधान झालं नाही. आकडे खोटे निघाले असते तर निदान कुणाला तरी झापता आलं असतं. मग तिला मोठ्या सिस्टरांचा संशय आला. वीस वर्षं बरोबर काम केलेली बाई, पण हल्ली तिच्या वागण्यात काहीतरी होतं. रुग्णाला परत पाठवायची वेळ आली की सिस्टर त्याला जिन्यापर्यंत सोडायला जायच्या. जिन्यापर्यंत कशाला? परत जायची वाट काय लोकांना ठाऊक नाही? आणि आता तर त्यांनी स्वतःहून विचारलं होतं, "मॅडम, तिकडे जाताना मी येऊ का बरोबर?" तिकडे म्हणजे झोप्याच्या केंद्रात. तुलनेची पद्धतच अशी होती, की पहिल्यानं शेवटच्याकडे जायचं, एक दिवस बसून काम बघायचं, काय चुकतंय ते सांगायचं. त्यानंतर सोमवारी तिला सही करायची होती. सभा भरवणाऱ्या समितीला तिचा नियम इतका पसंत पडला होता की पुढच्या महिन्यापासून तो बाराही केंद्रांना लागू व्हायचा होता: रिपोर्ट नाही तर तपासणी नाही. मसुदा तयार होता आणि तो तिच्याच पिशवीत होता.

गाडीत सिस्टर गप्प होत्या. एरवी त्यांचं तोंड चालू असतं, सुनेपासून गॅसच्या शेगडीपर्यंत काहीही चालतं, पण आज ढिम्म. तिनं दोनदा विषय काढून पाहिला. सिस्टर हं म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. झोप्याचं केंद्र एका जुन्या दुमजली इमारतीत होतं, खाली टायरचं दुकान, वर हे. जिन्याला रबराचा वास. दाराशीच लाकडी मांडणी होती आणि तिच्यात जोडे, चपला, बूट, बुटांत कोंबलेले मोजे. आत सगळ्यांना अनवाणी बसवायचं अशी इथली पद्धत. डॉक्टरपुढे गेल्यावर बूट काढायला सांगितलं की निम्मी माणसं आज राहू द्या म्हणतात. आधीच काढून बसली की पाय दाखवावे लागत नाहीत, ते दिसतातच. युक्ती तिला आवडली आणि आवडल्याचा जरा रागही आला. हॉल गच्च भरला होता. भिंतीलगत लांब बाकं, एका कोपऱ्यात एक मुलगी आल्या आल्याच प्रत्येकाच्या बोटाला टोचून रक्त घेत होती, कुणाला रिपोर्टचं विचारत नव्हती. आणि समोर पायांची रांग. भेगा पडलेले, सुजलेले, नखं काळी पडलेले, पट्टी बांधलेले पाय. ती दारात उभी राहिली आणि त्या रांगेत एक हालचाल झाली. आधी एका बाकावरचे पाय मागे गेले, मग शेजारचे, मग पुढचे. कुणी टाच बाकाखाली ओढली, कुणी एका पायावर दुसरा झाकला, एकानं पिशवी पुढ्यात ठेवली. तिनं चेहऱ्यांकडे पाहिलं. तो बसचालक, दोनदा परत पाठवलेला. ती शाळेतली बाई, जिला ती म्हणाली होती, की मुलांना गृहपाठाशिवाय वर्गात घेता का तुम्ही? तो जाडा न्हावी. आणखी तिघं-चौघं, नावं आठवेनात पण चेहरे ओळखीचे. सगळी तिची माणसं. कुणी नमस्कार केला नाही. सिस्टर तिच्या मागून पुढे आल्या तशी शाळेतली बाई उजळली आणि म्हणाली, "अगं बाई, तुम्ही पण आलात?"

म्हणजे हे असं होतं तर. तिच्या डोक्यात सगळं भराभर जुळलं आणि जुळताना एक प्रकारचा आनंदही झाला, कारण संशय खरा ठरण्यासारखं दुसरं सुख नाही. झोप्या तिची माणसं पळवत होता. आणि पळवायला जिन्यापर्यंत कोण सोडत होतं? तिनं सिस्टरांना खिडकीशी बोलावलं. "तुम्ही पाठवता यांना इथं?" सिस्टरांनी ताकास तूर लागू न देण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही परत पाठवलेल्यांना मी इथला पत्ता देते. पहिल्यांदा देत नाही. दुसऱ्यांदा परत जातात ना, तेव्हा देते. तिसऱ्यांदा ती माणसं येतच नाहीत, मॅडम." "आणि मला सांगायचं सुचलं नाही?" "सांगितलं होतं. मागच्या वर्षी. तुम्ही म्हणालात, जी येत नाहीत त्यांना बरं व्हायचंच नसतं." आपण असं म्हणालो होतो का? म्हणालो असू. तिला ते वाक्य आपलंच वाटलं. तरी सिस्टरांच्या सरळ उत्तरावरही तिचा विश्वास बसेना. इतके दिवस लपवलेली गोष्ट कुणी इतक्या सहज कबूल करत नाही, हिच्या मागे आणखी काहीतरी असलं पाहिजे.

झोप्याच्या खोलीला उपाहारगृहात असतात तसा अर्धा दरवाजा होता, मधल्या भागापुरता, वर मोकळा, खाली मोकळा. तो स्टुलावर बसून एका म्हातारीच्या तळपायाला बोटानं हलकेच शिवत होता आणि विचारत होता, "आता कळलं? आता?" म्हातारी दर वेळी हो म्हणत होती, तो शिवत नसतानासुद्धा. म्हातारी गेल्यावर त्यानं हात धुतले. "बस," तो म्हणाला. "चहा मागवू?" चहा नको म्हणून ती बसली ती थेट मुद्द्यावर आली. "सभेत टाळ्या कशाला वाजवत होतास?" "कशाला म्हणजे? तुझा पहिला नंबर आला म्हणून." "झोप्या, मी मूर्ख नाही." त्यानं टॉवेलला हात पुसले आणि नेहमीप्रमाणे डोळे अर्धे मिटले. "ज्यांना तू बघतेस त्यांना माझ्यापेक्षा चांगलं बघतेस. मला नाही जमत तेवढं. मी विसरतो, मला उशीर होतो. त्याच्याच टाळ्या होत्या." ती वाट पाहत राहिली. टोमणा आता येईल, मग येईल. तो आलाच नाही, आणि त्यामुळे ती आणखी सावध झाली. "ज्यांना मी बघते त्यांना," ती म्हणाली. "हं," तो म्हणाला. "मोजणीत रिपोर्टवालेच धरतात ना? तो नियम आपण बाराही जणांनी मान्य केलाय, त्यात तुझी काही चोरी नाही. पण तू परत पाठवलेली माणसं तुझ्या सरासरीत नसतात. ती आली की इथं आधी बोट टोचून तीन महिन्यांची साखर काढतात, म्हणून ती माझ्या सरासरीत येतात. ती शाळेतली बाई आली तेव्हा तिचा आकडा बारा होता, सातच्या आत हवा तिथं." "तू हे सभेत का बोलला नाहीस?" "शेवटून पहिला आलेला माणूस असं बोलला तर लोक काय म्हणतील?" हे मात्र खरं होतं. तीच म्हणाली असती.

पिशवीतल्या मसुद्याचा कोपरा बाहेर आला होता, तो तिनं आत सारला. बाराही केंद्रांत नियम लागू झाला की बाराही पट्टे बुटके होतील, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं, आणि तरी मन सुटकेची वाट शोधत होतं. याचा डाव असला तर? सही रोखायचा, स्वतःचा उंच पट्टा झाकायचा? हॉलमधली माणसं यानं आज मुद्दाम गोळा केली असतील. आजच, एकाच दिवशी, सगळी माझीच कशी? ती हे विचारणारच होती, तेवढ्यात अर्ध्या दरवाजाखालून तिला बाहेरचे पाय दिसले. ती आत गेल्यामुळे पाय पुन्हा पुढे आले होते. सैल, आरामात, बोटं हलवत, जसे घरी असतात. तिचं लक्ष सवयीनं एकेका पायावरून सरकत गेलं. सूज. भेग. जुनी जखम, भरलेली. मग एक उजवा पाय, ज्याचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. तसं बोट तिच्या वडिलांचं होतं. तसं तिचंही होतं. लहानपणी दोघं भावंडं पायाला पाय लावून कुणाचं जास्त चढलंय ते बघायची. बोटाखालचा अंगठा टोकाशी काळा होता. शाईत बुडवल्यासारखा. काळ्याच्या कडेची कातडी पांढरी आणि ओली, आणि तिथून एक लाल पट्टा घोट्याकडे चढलेला. हे बघायला तिला जवळ जावं लागलं नाही. वासाचाही तिला अंदाज आला. अंगठा तर गेलेलाच होता, प्रश्न आता पायाचा होता.

झोप्यानं तिची नजर कुठं गेली ते पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याचे डोळे पूर्ण उघडले. "मी त्यांना आज येऊ नका म्हणून सांगितलं होतं," तो हळू म्हणाला. "तू येणार म्हणून. पण कालपासून ताप आहे म्हणतात. बरं झालं आले. आजच दाखल करतो, अंगठा काढावा लागेल, पाय वाचेल असं वाटतंय. वाटतंय हं." "किती दिवस येतोय तो तुझ्याकडे?" "तीन महिने. आले तेव्हाच जखम होती. त्याच्या आधी वर्षभर कुठंच जात नव्हते." "घराजवळचा डॉक्टर?" झोप्यानं मान हलवली. "तसला कुणी डॉक्टर नाही. त्यांनी मला एकच अट घातली होती, तुला कळू द्यायचं नाही. मला ते पटलं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर इथंही आले नसते." दर रविवारी. मस्त. पाय शरीराच्या खालीच आहेत. जगातल्या प्रत्येक माणसाचं खोटं ती चेहऱ्यावरून ओळखायची, दुकानदाराचं, नवऱ्याचं, शिकाऊ पोरांचं, आणि या एका माणसाचं खोटं ती वर्षाहून जास्त हसत हसत ऐकत आली होती. का, ते तिला कळत होतं. तो खरं बोलला असता तर तिला आपली सभेतली गोष्ट बदलावी लागली असती. रडू म्हणावं तर रडू नव्हतं, लाज होती, निव्वळ लाज, आणि तिच्याखाली भीती.

ती दरवाजा ढकलून बाहेर गेली. बाकांवरचे पाय पुन्हा मागे सरले, भराभर. दादानं मान वर केली. तापानं त्याचे डोळे चकाकत होते, दाढी वाढलेली, अंगात तोच करडा स्वेटर. त्यानंही पाय ओढून घेतला, बाकाखाली, पार भिंतीपर्यंत, काळजीपूर्वक, दोन्ही हातांनी पोटरी धरून. पायाला काही कळत नाही अशी माणसं पाय असाच हलवतात, जड सामान हलवावं तसा. मग तो हसला. "आलीस का? मला वाटलं तू दुपारी येणार." शेजारची शाळेतली बाई उठून बाजूला झाली. बहीण त्याच्याजवळ बसली नाही. ती त्याच्यासमोर फरशीवर बसली, मांडी घालून, पिशवी बाजूला टाकून. सगळा हॉल बघत होता. झोप्या दरवाजाशी उभा होता, सिस्टर खिडकीशी. तिनं हात पुढे केला, तळवा वर, जसा ती रिपोर्टसाठी करायची, आणि ते लक्षात येताच दुसराही हात पुढे केला.

"दादा, बघू."

"राहू दे गं."

"बघू दे ना. मला बघायचाय."

त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. चेष्टा करताना तो जसा डोळे बारीक करायचा तसे त्यानं केले, पण ते बारीक राहिले नाहीत.

"रिपोर्ट नाही काढलेला, चिमे," तो म्हणाला. तो हसतच म्हणाला. पाय मात्र त्यानं पुढे केला नाही.